रजिस्टरातला ताप, संगणकातला ताप

गेल्या अंकात एका ओळीत लिहून गेले होते की आपल्या भागातल्या दवाखान्यांच्या जुन्या नोंदी संशोधनाला द्यायच्या, तर आजारांची नावं आधी एका ठरावीक, प्रमाणित रूपात आणावी लागतात. त्या ओळीवर एवढी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. रुग्णालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त होऊन मी ब्रह्मपुरीला येऊन राहिले तरी रजिस्टरं काही सुटली नाहीत, आता दोन-तीन लहान संस्थांच्या नोंदी बघते. त्या अनुभवावर उत्तरं देते आहे. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, फक्त काम आणि ठिकाण.

प्रश्न : ताई, मी कुरखेडा तालुक्यातल्या एका संस्थेत डेटा एंट्री करते. जुनी ओपीडी रजिस्टरं सगळी एक्सेलमध्ये उतरवून झाली. आता पुण्याच्या संशोधकांना ती 'स्टँडर्ड टर्म'मध्ये पाहिजेत. आमच्या रजिस्टरात एकच ताप कुठे 'ताप', कुठे 'फिवर', कुठे 'कणकण', कुठे 'एफ/सी', कुठे 'पायरेक्सिया' असा लिहिला आहे. सर म्हणतात फाइंड-रिप्लेस मारून सगळं 'फिवर' करून टाक. करू का?
*(डेटा एंट्री ऑपरेटर, कुरखेडा)*

उत्तर : करू नका. सरांना माझं नाव सांगा हवं तर.

ज्या रकान्यात तुम्ही रजिस्टरातला शब्द उतरवला, तो रकाना आजपासून कुलूपबंद समजा. चुकलेलं स्पेलिंग, अर्धा शब्द, कंसातली खूण, सगळं जसंच्या तसं राहू द्या. प्रमाणित नाव आणि त्याचा कोड यांच्यासाठी शेजारी नवे रकाने करा. संशोधनासाठी ओमॉप नावाची जी मांडणी आज बऱ्याच देशांत वापरतात, तिच्यातही हीच शिस्त आहे. मूळ नोंद एका रकान्यात राहते, मूळ कोड असेल तर तो दुसऱ्यात आणि प्रमाणित संकल्पनेचा क्रमांक तिसऱ्यात. ज्या शब्दाला जोडीदार मिळाला नाही त्याच्यापुढे शून्य लिहितात. शून्य लिहायची लाज वाटते म्हणून लोक जवळपासचं काहीतरी चिकटवून देतात, आणि ते पुढे कोणालाच सापडत नाही.

आता तुमचा तापच घ्या. 'एफ/सी' म्हणजे थंडी वाजून ताप, म्हणजे दोन लक्षणं. 'कणकण' म्हणजे बाईने सांगितलेलं, थर्मामीटर लावला होता की नाही कोण जाणे. या सगळ्यांना 'फिवर' केलं तर थंडी गेली आणि मोजलेल्या-न मोजलेल्यातला फरकही गेला. गडचिरोलीच्या नोंदीत थंडी हरवणं परवडत नाही, कारण संशोधक उद्या त्याच थंडीवरून मलेरियाचे संशयित शोधायला बसेल.

मलेरियाचं तर आणखी पुढे आहे. पट्टीवर किंवा काचपट्टीवर फॅल्सिपॅरम हा परजीवी निघाला तर आयसीडी-१० मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची कोडयादी, दहावी आवृत्ती) तो बी ५० मध्ये जातो, व्हायव्हॅक्स हा दुसरा परजीवी बी ५१ मध्ये, आणि नुसतं 'मलेरिया' एवढंच लिहिलं असेल तर बी ५४. पण आपल्याकडचे डॉक्टर चौथा प्रकार लिहितात : 'मलेरिया ?'. ते प्रश्नचिन्ह हीसुद्धा नोंद आहे. तपासणी व्हायच्या आधीचा तो संशय आहे, आजार नव्हे. अशी ओळ मी तापाच्या खाली टाकते, म्हणजे आर ५०.९, आणि 'संशयित मलेरिया' वेगळ्या रकान्यात ठेवते. तुम्ही रिप्लेस मारलंत की हे चारही जण एका रांगेत उभे राहतील आणि जिल्ह्यात मलेरिया वाढल्याचा शोध लागेल!

तीच गत 'जुना टीबी', 'आईला टीबी' आणि 'टीबी नाही' यांची. 'टीबी' ही अक्षरं जुळली म्हणून संगणक तिघांनाही क्षयरोगी करून मोकळा होतो. पूर्वी झालेला आजार, घरातल्या दुसऱ्याचा आजार आणि नसलेला आजार यांची यादी आधी हाताने बाजूला काढा, मगच बाकीचं काम.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जास्त वेळ द्या, कारण तुमच्या तालुक्यात तीच नोंद सगळ्यात मोलाची आहे आणि तीच सगळ्यात मोघम लिहिली जाते. रजिस्टरात 'सिकल पॉझिटिव्ह' असेल तर बहुतेक वेळा ती सोल्युबिलिटी चाचणी असते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिला कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्या केल्यावर कळतं, 'एएस' आला तर वाहक, 'एसएस' आला तर रुग्ण. आयसीडी-१० मध्ये वाहकाचा कोड डी ५७.३, रुग्णाला वेदनेचा झटका आलेला असेल तर डी ५७.०, नसेल तर डी ५७.१. मग 'सिकल पॉझिटिव्ह'ला कोणता लावायचा? यातला एकही नाही. ती चाचणीच्या निकालाची ओळ आहे, आजारांच्या रकान्यात तिला जागाच नाही. प्रयोगशाळेच्या तक्त्यात 'सोल्युबिलिटी, पॉझिटिव्ह' म्हणून ठेवा आणि पुढची तपासणी सापडली की मग निदान लिहा. २०२३ च्या जुलैत केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं, त्यामुळे असे कागद यापुढे ढिगाने येणार आहेत. वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ एकदा डेटाबेसमध्ये शिरली, की लग्न जुळवतानाच्या समुपदेशनापासून औषधांच्या मागणीपर्यंत सगळंच वाकडं होतं. आणखी एक, रक्त चढवल्यावर लगेच केलेल्या एचपीएलसीवर विसंबू नका. रक्त दिल्याची तारीख शेजारी असू द्या.

काम कसं करायचं? सगळ्या ओळींना हात घालू नका. आधी वेगवेगळे शब्द किती आणि प्रत्येक किती वेळा आला याचा पिव्होट तक्ता काढा, जास्त वेळा आलेले वर. माझा अनुभव असा की वरची दोन-तीन पानं झाली की रजिस्टराचा बहुतेक भाग हाताखाली येतो, आणि उरलेलं शेपूट डोकं खातं. त्या शेपटासाठी डॉक्टरांची एक दुपार मागून घ्या. प्रत्येक शब्दाला दोघींनी एकमेकींचं न बघता कोड लावायचा, जिथे जुळलं नाही तेवढंच डॉक्टरांपुढे न्यायचं. कोणी लावला, कधी लावला आणि शब्दसंग्रहाची कोणती आवृत्ती बघून लावला, हे तीन रकाने विसरू नका. स्नोमेड या वैद्यकीय शब्दसंग्रहाची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आता दर महिन्याला निघते. आज असलेली संकल्पना उद्या रद्द होते, आणि मग "हा क्रमांक सापडत नाही" असं पत्र येतं तेव्हा आपल्याकडे दाखवायला तारीख पाहिजे.

आणि आपल्या बोलीतल्या शब्दांची एक स्वतंत्र वही करा. 'पान लागलं' हे पुण्याच्या मुलाला कळणार नाही, तो त्याला शून्य देऊन पुढे जाईल. आपल्याला ठाऊक आहे की साप चावला. पण विषारी होता का? टी ६३.० हा कोड सापाच्या विषासाठी आहे. चावा कोरडा असेल (विष सोडलंच नसेल) किंवा साप बिनविषारी असेल तर तो लागत नाही. रुग्णाला सर्पविषावरची लस (प्रतिविष) दिल्याची किंवा विषाच्या लक्षणांची नोंद असेल तरच विष धरा, नाहीतर नुसता चावा. 'ऊन लागलं'चंही तसंच. चंद्रपूरच्या मे महिन्यात चक्कर आलेला प्रत्येक जण उष्माघाताचा, म्हणजे टी ६७.० चा नसतो.

प्रश्न : आम्हाला कॉलेजात आयसीडीच शिकवतात. मग स्नोमेड कशाला? एकाच आजाराला दोन कोड लावणं म्हणजे दुप्पट काम नाही का?
*(इंटर्न, वर्धा जिल्हा)*

उत्तर : डॉक्टरसाहेब, दोन्हींची कामं वेगळी आहेत.

आयसीडीचा जन्म मेलेल्यांच्या मोजणीतून झाला. फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोच्या सांख्यिकी परिषदेत मांडली. पुढे १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मृत्यूंबरोबर आजारही आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली, अकरावी २०१९ मध्ये, आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मोजायचं असल्यामुळे तिचा नियम कडक आहे, एक गोष्ट एकाच खणात. म्हणून बहुतेक गटांच्या शेवटी 'इतर' आणि 'अनिर्दिष्ट' असे खण लागतात, आणि आळशी माणसाचा हात नेमका तिकडेच जातो.

स्नोमेड सीटी लिहिण्यासाठी आहे. साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना, प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक (तापाचा ३८६६६१००६), एका संकल्पनेला कितीही पर्यायी नावं, आणि एका संकल्पनेला एकापेक्षा जास्त आईबाप चालतात. मेंदूचा मलेरिया घ्या. आयसीडी-१० मध्ये तो बी ५०.० म्हणून संसर्गाच्या प्रकरणात बसतो. स्नोमेडमध्ये तो मलेरियाचाही वंशज आणि मेंदूच्या विकाराचाही. उद्या कोणी "मेंदूचे सगळे आजार काढा" म्हटलं तर तो आपोआप यादीत येतो, कोणाला आठवण ठेवावी लागत नाही.

दुप्पट कामाचं म्हणाल तर तसं होत नाही. बारीक लिहिलेलं असेल तर त्यावरून ढोबळ खण संगणक काढून देतो, त्यासाठी तयार जोडतक्ते आहेत. उलटं मात्र होत नाही. ढोबळ खणात टाकलेल्या ओळीतून बारकावा परत काढता येत नाही. तेव्हा लिहा स्नोमेडमध्ये, मोजा आयसीडीमध्ये. खर्चाची काळजी नको. भारत २०१४ पासून स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, म्हणून आपल्याकडे वापर मोफत आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय संसाधन केंद्र त्याचं वाटप बघतं, नोंदणी करून फाइली उतरवून घेता येतात.

प्रश्न : २०१७ च्या हंगामात आमच्या काकाला फवारणीत विषबाधा झाली. वाचला. पण दवाखान्याच्या कागदावर फक्त 'पॉयझनिंग' लिहिलं होतं आणि पुढे सगळीकडे त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं गेलं. डेटाबेसमध्ये फवारणी आणि पिणं यांत फरक करतात की नाही?
*(शेतकरी, यवतमाळ जिल्हा)*

उत्तर : भाऊ, फरक करायची सोय आहे. ती वापरली जात नाही, हे दुखणं आहे.

तो हंगाम आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारणी, ना मास्क ना हातमोजे. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

आयसीडी-१० मध्ये विषबाधेला दोन कोड लागतात. पहिला शरीराला काय झालं त्याचा. कीटकनाशकांसाठी टी ६०, त्यात सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटाचं असेल तर टी ६०.०, तणनाशक-बुरशीनाशक असेल तर टी ६०.३, कोणतं ते माहीतच नसेल तर टी ६०.९. दुसरा कोड ते कसं घडलं त्याचा. अपघाताने झालं तर एक्स ४८, स्वतःहून घेतलं तर एक्स ६८, आणि ठरवता येत नसेल तर वाय १८. तुमच्या काकाच्या कागदावर टी ६० मधला औषधाप्रमाणे एक कोड आणि एक्स ४८ पाहिजे होतं. तिथे एकच मोघम शब्द आला, दुसरा कोड राहिला, आणि मोकळी जागा वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरली.

आपल्या बोलण्यामुळे यात भर पडते. आपण कीटकनाशकालाही औषधच म्हणतो. रात्री एक वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात नातेवाईक सांगतात, "औषधामुळे झालं", नर्स तसंच उतरवते, सकाळी कोणीतरी त्याचं इंग्रजी करतो. त्या एका ओळीत फवारणीही बसते, पिणंही बसतं आणि गोळ्यांची ॲलर्जीही बसते. घरचे लोक पोलिसांच्या भीतीने सरळ सांगत नाहीत, हेही खरं. म्हणून जे संशोधक जुने कागद बघून हेतू ठरवतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. "तरुण पुरुष, कर्ज, म्हणजे स्वतःहून घेतलं" हा कोड नाही, हा अंदाज आहे, आणि अंदाजासाठी वाय १८ ठेवलेला आहे. अपघाताच्या सानुग्रह अनुदानात आत्महत्या बसत नाही, त्यामुळे या एका अक्षरावर घरात पैसा येणं-न येणं अवलंबून असतं.

नव्या नोंदींसाठी मी दवाखान्यांना चार रकाने सुचवते. शरीरात कसं गेलं (श्वास, कातडी, तोंड), कोणत्या कामात होता, बाटलीवरचं मूळ रसायनाचं नाव, आणि हे कोणी सांगितलं. रसायनाचं नाव बारीक अक्षरात असतं, ब्रँडचं मोठ्या, म्हणून बाटली दवाखान्यात घेऊन जा किंवा मोबाइलवर फोटो काढा. लाल-पिवळ्या-निळ्या-हिरव्या खुणेवरून विषाची तीव्रता कळते, घटक कळत नाही. काकाच्या जुन्या कागदात दुरुस्ती हवी असेल तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे लेखी अर्ज करा आणि भरतीच्या वेळचा केसपेपर मागा. डिस्चार्ज कार्डापेक्षा केसपेपरात जास्त लिहिलेलं असतं.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत आम्ही कारण 'म्हातारपण' किंवा 'हार्ट फेल' लिहितो. संशोधनाला हे चालतं का?
*(ग्रामसेवक, भंडारा जिल्हा)*

उत्तर : नोंद होते, पण कामाची होत नाही. 'म्हातारपण'ला आर ५४ हा कोड आहे, पण त्यातून कशाने गेले ते कळत नाही. 'हार्ट फेल' तर प्रत्येकाचंच होतं शेवटी. रुग्णालयातल्या मृत्यूला नमुना ४ आणि घरी डॉक्टरांच्या उपचाराखाली झालेल्या मृत्यूला नमुना ४-अ असतो. त्यात शेवटचं कारण वर आणि ज्यापासून सगळं सुरू झालं ते खाली लिहायचं असतं. मोजणीत ते खालचं कारण धरतात.

डॉक्टरच नसेल तिथे जागतिक आरोग्य संघटनेची शाब्दिक शवविच्छेदनाची प्रश्नावली वापरतात. घरच्यांना ठरलेले प्रश्न विचारायचे, किती दिवस ताप, धाप होती का, पाय सुजले का. कारण नंतर डॉक्टर किंवा संगणक ठरवतो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांवरचं जे काम ३९ गावांत केलं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, तिथेही गावातल्या आरोग्यदूतांनी बाळाला बघून जे दिसलं त्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. तुम्ही निदान करू नका. "दोन महिने खोकला, वजन उतरलं, बेडक्यात रक्त" एवढं समासात लिहून ठेवलंत तरी ते 'म्हातारपण'पेक्षा शंभरपट बरं.

प्रश्न : हे सगळं कोड लावून परदेशी विद्यापीठांना देणार. उद्या आमच्या गावात कोणाला काय आहे ते जगाला कळणार. नावं काढली की झालं, असं म्हणतात ते खरं का?
*(निवृत्त शिक्षक, गोंदिया जिल्हा)*

उत्तर : गुरुजी, नावं काढून भागत नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात "पुरुष, वय ६२, सिकलसेल रुग्ण" एवढं लिहिलं की पारावरचा कोणीही नाव सांगेल. म्हणून गावाच्या जागी तालुका, वयाच्या जागी वयोगट, नेमक्या तारखेच्या जागी महिना किंवा वर्ष लिहावं लागतं, आणि ज्या खणात पाचापेक्षा कमी माणसं येतात तो आकडा झाकायचा असा रिवाज आहे.

प्रमाणित कोड लावण्याचा एक फायदा इथेच आहे. सगळ्यांची मांडणी सारखी असेल तर डेटा बाहेर पाठवायची गरज उरत नाही. संशोधक आपला प्रश्न, म्हणजे प्रोग्रॅम, इकडे पाठवतो, तो इथल्याच संगणकावर चालतो आणि बाहेर फक्त बेरजा जातात. तुमच्या गावची संस्था यातलं काय करते आहे ते विचारा. नैतिकता समितीची मंजुरी, लोकांकडून घेतलेल्या संमतीचा कागद आणि विद्यापीठाशी झालेला करार, तिन्ही बघायला मागा. करार मराठीत समजावून देता येत नाही असं कोणी म्हणालं तर सही करू नका.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. आम्हाला 'लॉइंक'चे कोड एका यादीत आले, ते एक्सेलमध्ये चिकटवले तर काही कोडांच्या तारखा झाल्या. काय करू?
*(लॅब टेक्निशियन, बुलढाणा जिल्हा)*

उत्तर : लॉइंक हे चाचण्यांचं कोष्टक आहे. कोणती चाचणी, कशात केली, कोणत्या प्रकारचं माप, कोणत्या पद्धतीने, हे सगळं मिळून एक कोड. रक्तातल्या साखरेचा २३४५-७ आणि यकृताच्या एसजीओटीचा १९२०-८ एक्सेलला वर्ष-महिन्यासारखा दिसतो आणि तो त्याची तारीख करतो. आधी रिकामा रकाना निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मगच चिकटवा. फाइल सरळ डबल-क्लिकने उघडू नका, 'डेटा' मेनूतून आत घ्या आणि तिथे रकाना टेक्स्ट आहे असं सांगा. स्नोमेडचे क्रमांक १८ आकड्यांपर्यंत लांब असतात, आणि एक्सेल १५ आकड्यांच्या पुढे सगळी शून्यं करतं. त्याला चूकही म्हणत नाही, गुपचूप करतं. एकदा सेव्ह केलं की ते आकडे परत येत नाहीत, आलेली मूळ यादी पुन्हा उघडावी लागते.

एककांचंही बघून घ्या. हिमोग्लोबिन कुठे ग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, कुठे प्रति लिटर, म्हणजे ९ आणि ९०. नुसता आकडा उतरवला तर एकाच बाईचं रक्त दहापट होतं. साखरेत मिलिमोल असेल तर १८ ने गुणल्यावर मिलिग्रॅम येतात. आणि साहलीच्या नळीवर बघितलेलं हिमोग्लोबिन व मशिनचं हिमोग्लोबिन एका कोडखाली घालू नका, पद्धतीचा रकाना रिकामा ठेवला तर दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही की मशिन कधी आलं.